बाटलीत नक्की काय आहे? स्पेक्ट्रम, आणि तो जुळवून बघायच्या जागा

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी सगळ्यांनीच वाचली. खोकल्याचं औषध पोटात गेलं आणि वीसहून जास्त लहान मुलं दगावली. तमिळनाडूच्या सरकारी औषध प्रयोगशाळेने त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकोल सापडल्याचं सांगितलं, आणि प्रमाण दिलं ४८.६ टक्के. हे कारखान्यात वापरायचं द्रावक आहे. माणसाच्या पोटात गेलं की मूत्रपिंडं बंद पाडतं. आपल्याकडे हे नवं नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिनमध्ये हेच मिसळलेलं होतं. १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला.

ही बातमी आली तेव्हा निपाणीच्या एका मेडिकल दुकानदाराने मला विचारलं, "सर, ग्लिसरिन काय नि हे काय, दोन्ही पाण्यासारखी पांढरी, दोन्ही गोड, दोन्ही दाट. मग लॅबवाल्यांना कळतं कसं ओ?" प्रश्न अगदी नेमका होता. प्रयोगशाळेला पदार्थ ओळखता येतो तो त्याच्या स्पेक्ट्रमवरून. पण स्पेक्ट्रम काढला म्हणून पदार्थ ओळखला असं होत नाही. काढलेला स्पेक्ट्रम कशाशी तरी ताडून बघावा लागतो, आणि ते 'कशाशी तरी' कुठे मिळतं हे रसायनशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या पोरांनाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. मशीनवर हजारो रुपये खर्च होतात, ताडून बघण्यात मात्र पाच मिनिटंही जात नाहीत. हा लेख त्या पाच मिनिटांविषयी आहे.

## स्पेक्ट्रम म्हणजे काय

पदार्थावर ऊर्जा टाकायची आणि त्याने त्यातली कोणती ऊर्जा किती घेतली याचा आलेख काढायचा. या आलेखाला स्पेक्ट्रम म्हणतात. आलेखावर जिथे खड्डा किंवा उंचवटा येतो त्याला पीक म्हणायचं. ऊर्जा कोणती टाकली त्यावरून प्रकार पडतात.

इन्फ्रारेड, म्हणजे आयआर. यात रेणूतले बंध कंप पावतात. ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध साधारण ३२०० ते ३६०० च्या पट्ट्यात रुंद खड्डा पाडतो, कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध १७०० च्या आसपास टोकदार. हे आकडे वेव्हनंबरचे, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये किती लहरी बसतात त्याचे. १५०० च्या खालचा भाग गिचमीड दिसतो, पण पदार्थ ओळखायला तोच खरा उपयोगी पडतो, कारण तिथे सबंध रेणूची हालचाल उमटलेली असते.

एनएमआर. मोठ्या चुंबकात सॅम्पल ठेवलं की हायड्रोजनचे किंवा कार्बनचे अणू आपापल्या शेजाऱ्यांप्रमाणे वेगवेगळ्या जागी पीक देतात. जागा मोजायचं माप पीपीएम, म्हणजे दशलक्षात किती भाग.

मास स्पेक्ट्रममध्ये रेणू फोडतात आणि तुकड्यांची वजनं मोजतात. निपाणीची तंबाखू घ्या. तिच्यातल्या निकोटिनच्या रेणूचं वजन १६२, पण मास स्पेक्ट्रममधली सगळ्यात उंच रेघ येते ८४ वर. रेणूतलं पाच अणूंचं कडं तुटून निघतं, त्याची ती रेघ. १६२ आणि ८४ एकत्र दिसले की जाणकाराच्या डोळ्यापुढे निकोटिन येतंच.

चौथा प्रकार यूव्ही, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट. तो बहुतेक वेळा एखाददुसरा पसरट उंचवटा देतो. प्रमाण मोजायला उत्तम, ओळख पटवायला कच्चा.

## पुस्तकातला तक्ता असताना आणखी काय हवं?

बीएस्सीच्या पुस्तकात पीकांचे तक्ते असतात. रेणूतला अमुक गट, म्हणजे अणूंचा ठरावीक जुडगा, तमुक जागी. मुलं तो तक्ता पाठ करतात आणि त्यावरच पदार्थ ओळखू पाहतात. तो तक्ता किती अपुरा आहे हे आपल्या सिरपच्या उदाहरणातच दिसतं.

ग्लिसरिन आणि डायएथिलीन ग्लायकोल हे दोन्ही रेणू मधोमध दुमडले तर दोन्ही बाजू सारख्या. म्हणून कार्बनच्या एनएमआरमध्ये दोघांच्याही फक्त दोन-दोन रेघा येतात. पाण्यातल्या (खरं म्हणजे जड पाण्यातल्या, ज्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम असतो) सॅम्पलला ग्लिसरिनच्या रेघा ६३ आणि ७३ च्या जवळ, तर डायएथिलीन ग्लायकोलच्या ६१ आणि ७२ च्या जवळ. तक्ता काय सांगतो? ऑक्सिजनला जोडलेला कार्बन ५० ते ८० मध्ये येतो. म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने दोघेही पास! एक औषध, एक विष, आणि फरक एक-दोन पीपीएमचा. शुद्ध ग्लिसरिनचा आणि शुद्ध डायएथिलीन ग्लायकोलचा, त्याच द्रावकात घेतलेला स्पेक्ट्रम शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक छातीठोकपणे सांगता येत नाही. सिरपमध्ये वापरतात ते तिसरं द्रावक प्रॉपिलीन ग्लायकोल मात्र सहज वेगळं पडतं. त्याच्या रेणूला एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) आहे. कार्बनची तिसरी रेघ १९ च्या जवळ येते, आणि हायड्रोजनच्या एनएमआरमध्ये १.१ पीपीएमजवळ दोन फाट्यांचं पीक दिसतं. बाकी दोघांत तिथे काहीच नसतं.

इथे एक शंका येईल. जागतिक आरोग्य संघटना आणि औषध नियंत्रक डायएथिलीन ग्लायकोलची मर्यादा ०.१० टक्के धरतात. इतकं थोडं आयआरमध्ये दिसेल का? नाही दिसणार. थोड्या भेसळीसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी वापरतात. त्यात मिश्रणातले घटक एका लांब नळीतून एकेक करून बाहेर येतात. तिथेही शुद्ध नमुना शेजारी चालवूनच निर्णय होतो. आयआर आणि एनएमआर 'हे काय आहे' याचं उत्तर देतात. 'किती आहे' हा वेगळा प्रश्न, त्याची तपासणीही वेगळी. वर्तमानपत्रात दोन्हींची सरमिसळ होते.

## नावाने शोधायला गेलात तर भटकाल

समजा आयआर काढला आणि पॅरासिटामॉल आहे असा संशय आहे. लायब्ररीच्या संदर्भ विभागात अमेरिकेत छापलेला जाडजूड खंड काढला. मागची सूची उघडली. एक विद्यार्थिनी असंच शोधत बसली होती, म्हणाली, "सर, एवढ्या मोठ्या पुस्तकात पॅरासिटामॉलच नाही की ओ." पुस्तकात ते होतं. अमेरिकन लोक त्याला असिटामिनोफेन म्हणतात, म्हणून तिकडच्या सूचीत ते बहुधा त्या नावाखाली सापडतं. काही सूच्यांमध्ये तेही नाही: मूळ रेणूचं नाव आधी आणि त्याला चिकटलेले गट नंतर लिहितात, मग ते 'असिटामाइड, एन-(४-हायड्रॉक्सिफिनाइल)-' असं येतं. म्हणजे तीन नावं, तिन्ही बरोबर.

यावर तोड म्हणजे सीएएस नंबर. अमेरिकेतली केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला एक नोंदणी क्रमांक देते. आपल्या भागात जमिनीच्या उताऱ्याचं जसं, तसंच इथे. उताऱ्यावर बापाचं नाव जाऊन पोरांची लागतात, गावाचं सरकारी नाव बेळगावचं बेळगावी होतं, पण सर्वे नंबर तोच असतो आणि तलाठ्याकडे तोच घेऊन जायचं असतं. पॅरासिटामॉलचा नंबर १०३-९०-२. डायएथिलीन ग्लायकोल १११-४६-६, ग्लिसरिन ५६-८१-५, प्रॉपिलीन ग्लायकोल ५७-५५-६. हा नंबर रसायनाच्या बाटलीवर छापलेला असतो. नसला तर सीएएसच्याच 'कॉमन केमिस्ट्री' या मोफत सूचीत नाव टाकून काढता येतो.

नंबर उतरवताना चूक झाली का हे तपासायची सोय त्यातच आहे. शेवटचा अंक बाजूला ठेवायचा. उरलेल्या अंकांना उजवीकडून अनुक्रमे १, २, ३, ४ असं गुणत जायचं आणि बेरीज करायची. पॅरासिटामॉलला ०×१, ९×२, ३×३, ०×४, १×५, बेरीज ३२. बेरजेचा शेवटचा अंक २, आणि नंबरचाही शेवटचा अंक २. जुळलं.

एक सावधगिरी मात्र हवी. मूळ पदार्थाचा आणि त्याच्या सॉल्टचा, म्हणजे आम्लाशी जोडून केलेल्या क्षाराचा, नंबर वेगळा असतो. खोकल्याच्या कित्येक औषधांत डायफेनहायड्रामिन असतं. त्याचा नंबर ५८-७३-१, तर त्याच्या हायड्रोक्लोराइडचा १४७-२४-०. बाटलीतल्या औषधात सहसा हायड्रोक्लोराइड असतं. त्याचा आयआर मूळ पदार्थाच्या स्पेक्ट्रमशी ताडायला गेलात तर जुळणार नाही, आणि चांगल्या औषधाला तुम्ही बनावट ठरवून बसाल.

नंबर नसेल तर रेणुसूत्राची सूची उपयोगी पडते. तिच्यात कार्बन आधी, मग हायड्रोजन, बाकीची मूलद्रव्यं इंग्रजी वर्णक्रमाने. पण एका सूत्राचे अनेक पदार्थ असतात. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन म्हटलं की इथेनॉलही आलं आणि डायमिथाइल ईथरही. म्हणून हा रस्ता दुसऱ्या पसंतीचा.

## कपाटातले जाड खंड

संगणक यायच्या आधी स्पेक्ट्रम छापून बांधून ठेवत. विल्यम कोब्लेंट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०५ साली शंभरावर पदार्थांचे इन्फ्रारेड आलेख प्रसिद्ध केले. एकेक बिंदू हाताने मोजून! त्याच्या नावाच्या संस्थेने पुढे तपासून ठेवलेले आलेख आजही वापरात आहेत. फिलाडेल्फियाच्या साडलर प्रयोगशाळेने वर्षानुवर्षं खंडांवर खंड काढले. रसायनं विकणाऱ्या ऑल्ड्रिच कंपनीने आपल्याच मालाचे स्पेक्ट्रम पुस्तकरूपात आणले. त्यांचा एनएमआरचा तीन खंडांचा संच १९९३ चा.

हे खंड जुने म्हणून अडगळीत टाकू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ऑल्ड्रिचचे खंड रेणूतल्या गटांप्रमाणे लावलेले आहेत. अल्कोहोलं एकीकडे, अल्डिहाइडं दुसरीकडे. तुम्ही एक पान उघडता आणि त्याच पानावर त्याच घराण्यातले बाकीचे पदार्थही दिसतात. एका मिथाइल गटाने काय बदललं, कार्बनची साखळी लांबली की कुठलं पीक सरकलं, हे नजरेने कळतं. शोध-चौकटीत नंबर टाकून मिळालेला एकटा आलेख हे शिकवत नाही. पोरांना स्पेक्ट्रम वाचायला शिकवायचं तर मी अजूनही खंडच पुढ्यात ठेवेन.

जुन्या आयआर खंडांत एक अडचण हमखास येते. त्यातल्या काही आलेखांची आडवी पट्टी वेव्हनंबरमध्ये नसून मायक्रॉनमध्ये, म्हणजे लहरीच्या लांबीत असते. घाबरायचं कारण नाही. १०,००० ला मायक्रॉनच्या आकड्याने भागा. ५.८३ मायक्रॉनवरचं पीक म्हणजे १७१५, आणि तिथे ॲसिटोनसारख्या कीटोनचं पीक येतं.

औषधांसाठी पहिला मान इंडियन फार्माकोपियाचा, म्हणजे आयपीचा. औषधांच्या दर्जाच्या कसोट्या देणारा हा अधिकृत ग्रंथ. पहिली आवृत्ती १९५५ ची, आता ती गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन काढतं. औषध ओळखायची पहिली कसोटी म्हणून त्यात पुष्कळ ठिकाणी आयआर दिलेला असतो: तुमचा स्पेक्ट्रम प्रमाणित नमुन्याशी किंवा दिलेल्या संदर्भ स्पेक्ट्रमशी जुळला पाहिजे. फार्मसी कॉलेजच्या लायब्ररीत आयपी असतोच. बेळगावात फार्मसी आणि विज्ञान कॉलेजं एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. तरी विज्ञानाची मुलं तिकडे पाऊल टाकत नाहीत. दोन कॉलेजच्या ग्रंथपालांनी एकमेकांना एक चिठ्ठी दिली तर काम भागतं.

## घरबसल्या, फुकट

आता मोफत मिळणाऱ्या सूच्यांकडे. त्यातल्या दोन आधी सांगतो, कारण खानापूर-चिक्कोडीच्या पोराला मोबाइलवरही त्या पुरतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची 'एनआयएसटी केमिस्ट्री वेबबुक'. नाव, सूत्र किंवा सीएएस नंबर टाका. हजारो पदार्थांचे आयआर आणि मास स्पेक्ट्रम तिथे आहेत, यूव्ही थोडे. एनएमआर तिथे नाही, तो शोधत वेळ घालवू नका. कोब्लेंट्झ संस्थेचे जुने आलेख तिथे संगणकावर उतरवून ठेवलेले आहेत.

जपानच्या एआयएसटी संस्थेची 'एसडीबीएस'. साधारण ३४,००० सेंद्रिय पदार्थ. आयआर, मास, हायड्रोजन आणि कार्बन दोन्ही एनएमआर, शिवाय रामन आणि ईएसआर हे आणखी दोन प्रकारचे स्पेक्ट्रम. मला ही सगळ्यात आवडते. कारण इथे एका पदार्थाचे वेगवेगळे स्पेक्ट्रम एकाच ठिकाणी मिळतात, आणि उलटा शोधही घेता येतो: पदार्थ माहीत नाही, पण पीकांचे आकडे हातात आहेत, तर ते टाकून उमेदवारांची यादी काढता येते. एका दिवसात किती स्पेक्ट्रम उघडायचे यावर त्यांनी मर्यादा घातली आहे. ती पाळावी. सगळा साठा उतरवून घ्यायचा उद्योग कुणी करू नये.

अमेरिकेचाच 'पबकेम' पदार्थाच्या पानावर स्पेक्ट्रमची माहिती कुठे कुठे आहे ते दाखवतो. मास स्पेक्ट्रमसाठी जपानमधून सुरू झालेली 'मासबँक', खनिजांच्या रामनसाठी ॲरिझोना विद्यापीठाची 'आरआरयूएफएफ'. पैसे मोजून घ्यायच्या 'सायफाइंडर' आणि 'रिॲक्सिस' यांचा आवाका मोठा आहे. विद्यापीठाने घेतल्या असतील तर जरूर वापरा. नसल्या तरी एमएस्सीच्या प्रोजेक्टचं त्यावाचून अडत नाही.

## आलेखाखालची बारीक ओळ

स्पेक्ट्रम मिळाला की बहुतेक जण पीकं मोजायला लागतात. त्याआधी आलेखाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायला हवं. स्पेक्ट्रम कसा घेतला ते तिथे लिहिलेलं असतं. 'जुळत नाही' म्हणून येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा याच ओळीत सापडतं.

आयआर घ्या. घन पदार्थ पोटॅशियम ब्रोमाइडच्या भुकटीत घोटून, दाबून, काचेसारखी चकती करतात. तिला केबीआर पेलेट म्हणायची पद्धत आहे. दुसरी, आता जास्त चालणारी पद्धत एटीआर. तिच्यात पदार्थ थेट एका स्फटिकावर दाबून धरतात. पीकांच्या जागा दोन्हीत जवळपास सारख्या, उंची मात्र सारखी नसते. एटीआरमध्ये कमी वेव्हनंबरची पीकं जास्त मोठी दिसतात. तुमचा एटीआर आणि पुस्तकातला केबीआर असेल तर उंची बघून निष्कर्ष काढू नका.

पेलेटचा आमच्या हवेशी छत्तीसचा आकडा. पोटॅशियम ब्रोमाइड ओल ओढतं. बेळगावात जूनपासून तीन-चार महिने पाऊस थांबत नाही, खानापूरकडे तर विचारूच नका, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. अशा दिवसांत भुकटी ओव्हनमध्ये कोरडी न करता पेलेट दाबलं की ३४०० च्या आसपास रुंद खड्डा येतो आणि १६४० जवळ आणखी एक. दोन्ही पाण्याचे. मुलगा मात्र आनंदाने लिहितो, 'पदार्थात हायड्रॉक्सिल गट आहे.' संदर्भ स्पेक्ट्रम जिथे काढला तिथल्या कोरड्या खोलीत ते पीक नव्हतं, म्हणून त्याच्या आलेखात ते नाही. असं काही दिसलं की नुसत्या केबीआरची चकती करून तिचा वेगळा स्पेक्ट्रम घ्या. पीक तिथेही असेल तर ते पाण्याचं. २३५० जवळ छोटं दुहेरी पीक आलं तर ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं.

एनएमआरला द्रावक बघा. क्लोरोफॉर्म वापरला तर ७.२६ पीपीएमला त्याचं स्वतःचं पीक येतं, डीएमएसओ वापरला तर २.५० ला. शिवाय द्रावक बदलला की पदार्थाची पीकंही सरकतात. नायट्रोजन-ऑक्सिजनला चिकटलेल्या हायड्रोजनची तर फारच. पॅरासिटामॉल डीएमएसओमध्ये घेतला तर ९.७ आणि ९.२ च्या आसपास दोन पीकं दिसतात. तोच जड पाण्यात घेतला तर दोन्ही गायब, कारण ते हायड्रोजन द्रावकाशी अदलाबदल करून जातात. ६० मेगाहर्ट्झच्या (कमी ताकदीच्या चुंबकाच्या) जुन्या मशीनवरच्या आलेखाशी ४०० मेगाहर्ट्झचा ताडताना पीपीएम जुळतील, पण जुन्यात जिथे गर्दी दिसते तिथे नव्यात फाटे सुटे दिसतील.

मास स्पेक्ट्रमबाबत मुलांचं नशीब बरं. इलेक्ट्रॉन आदळवून रेणू फोडायच्या पद्धतीत जगभर ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट हीच ऊर्जा वापरायचा रिवाज आहे, त्यामुळे टोकियोचा आलेख धारवाडच्या आलेखाशी बिनदिक्कत ताडता येतो. लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मशीनमध्ये तसं नाही. तिथे रेणू किती जोराने फोडला यावर तुकडे बदलतात, म्हणून ती ऊर्जा लिहिलेली नसेल तर तो संदर्भ सोडून द्या.

## मशीनच सांगतंय की ९५ टक्के जुळलं!

हल्लीची यंत्रं स्वतःचा स्पेक्ट्रम-साठा घेऊनच येतात. बटण दाबलं की यादी येते: पहिला उमेदवार इतके टक्के, दुसरा इतके. मग वेगळं शोधायचं कशाला?

कारण यंत्र फक्त त्याच्या साठ्यात असलेल्यांपैकी सगळ्यात जवळचा सांगतं. तुमचा पदार्थ साठ्यातच नसेल तरी कुणीतरी पहिला येणारच. आणि काही जोड्या अशा आहेत की टक्केवारी तिथे काहीच सांगत नाही. झायलीन या द्रावकाचे तीन भाऊ आहेत, सूत्र एकच, रचना वेगळी: ऑर्थो, मेटा, पॅरा. तिघांचं मास स्पेक्ट्रम इतकं सारखं की यंत्राला तिघेही जवळपास सारखेच गुण मिळालेले दिसतात. त्यातला पहिला उचलून रिपोर्टमध्ये लिहिणं म्हणजे निव्वळ चिठ्ठी टाकणं. पण तिघांचा आयआर काढला तर भांडण मिटतं: ऑर्थोचं ठळक पीक ७४० जवळ, पॅराचं ७९५ जवळ, मेटाची दोन, ७७० आणि ६९० जवळ.

म्हणून टक्केवारीचा उपयोग शोधाची सुरुवात करायला करा. निर्णयासाठी दोन्ही आलेख एकाखाली एक छापा आणि एकेक पीक बोटाने बघा. संदर्भात आहे पण माझ्याकडे नाही, असं एकही मोठं पीक सापडलं तर थांबायला हवं. माझ्याकडे जास्तीची पीकं असतील तर ती अशुद्धीची असू शकतात, पण संदर्भातलं पीक गायब होण्याला क्वचितच चांगलं कारण असतं.

## चॅटबॉटला विचारलं तर?

विचारा, पण 'या पदार्थाचा स्पेक्ट्रम कुठे मिळेल' एवढंच विचारा. 'पीकं सांग' म्हटलं की तो सांगतो, तेही दोन दशांशांपर्यंत, आणि ती कुठल्याही मशीनवर मोजलेली नसतात. रेणूची रचना देऊन पीकांचा अंदाज काढणारी सॉफ्टवेअरं वेगळी. ती प्रामाणिक असतात आणि उपयोगीही, पण त्यांचा आकडा हा अंदाजच. काही मोठ्या सूच्यांमध्ये मोजलेला आणि अंदाजाने काढलेला असे दोन्ही स्पेक्ट्रम शेजारी असतात. वर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय उतरवून घेऊ नये.

## सापडलाच नाही तर

नव्याने तयार केलेला पदार्थ कुठल्याच साठ्यात नसणार. तेव्हा शोधायची जागा म्हणजे शोधनिबंध. सेंद्रिय रसायनातल्या निबंधांना जोडून 'सपोर्टिंग इन्फर्मेशन' असते. तिच्यात एकेका पदार्थाचे आकडे एका ओळीत आणि बहुतेकदा मूळ आलेखही असतात. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकांत ही पुरवणी मोफत उघडते, मुख्य निबंधाला पैसे लागत असले तरी. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. तुमचं कॉलेज त्यात आहे का हे ग्रंथपालांना विचारा. खासगी कॉलेजात असाल तर विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून काम करा.

दुसरी जागा 'शोधगंगा'. देशातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे लाखो प्रबंध तिथे मोफत आहेत. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचेही. त्यांत पानंच्या पानं स्पेक्ट्रम असतात, शिवाय आपल्याकडच्याच मशीनवर काढलेले. पण प्रबंधातला स्पेक्ट्रम आणि फार्माकोपियातला स्पेक्ट्रम यांना एका पंक्तीला बसवू नका. एक कुणा विद्यार्थ्याने एकदा काढलेला, दुसरा संस्थेने तपासून छापलेला. प्रबंधावरून शंका फिटली तरी जमेल तिथे दुसरा आधार शोधा.

तिथेही नसेल तर जवळच्या नातलगाचा स्पेक्ट्रम काढा: एक मिथाइल गट कमी, क्लोरीनच्या जागी ब्रोमीन, असा. तिथे ते गटवार लावलेले जुने खंड पुन्हा कामाला येतात.

आणि शेवटचा उपाय म्हणजे शुद्ध पदार्थ विकत आणून स्वतःच्या सॅम्पलबरोबर एकाच दिवशी, एकाच द्रावकात, एकाच मशीनवर स्पेक्ट्रम काढणं. बेळगावच्या मुलांना यासाठी दोन्ही दिशा मोकळ्या आहेत. धारवाड आणि कोल्हापूर दोन्हीकडे विद्यापीठात बाहेरच्यांसाठी पैसे घेऊन सॅम्पल चालवणारी उपकरण केंद्रं आहेत. सीमेच्या या बाजूला राहायचा एवढा तरी फायदा. फॉर्म भरताना 'एनएमआर' एवढंच लिहू नका. द्रावक कोणता, हायड्रोजन की कार्बन, आणि ज्या संदर्भ स्पेक्ट्रमशी ताडणार आहात तो कोणत्या द्रावकात घेतलेला आहे ते आधी बघून तोच मागा. सॅम्पल दिल्यावर हे आठवलं तर पुन्हा पैसे आणि पुन्हा रांग.

रिपोर्ट लिहिताना 'साहित्यातील माहितीशी जुळते' हे वाक्य परीक्षक हजारदा वाचून कंटाळलेले असतात. त्याऐवजी पदार्थाचा सीएएस नंबर, कुठल्या साठ्यातला किंवा खंडातला कितवा स्पेक्ट्रम, तो कसा घेतलेला, आणि तुमच्या कोणत्या पीकांची जागा किती फरकाने जुळली याचा छोटा तक्ता द्या. न जुळलेलं एखादं पीक असेल तर तेही त्यातच लिहा.